पाच मुलांची आई : रमाबाई आंबेडकर



आपल्या बुलढाणा जिल्ह्याला आईची थोरवी कुणी शिकवावी लागत नाही. दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या गाड्या आपण चिखलीच्या रस्त्यावर पाहतोच. जिजाऊंचा जन्म १५९८ चा. त्यानंतर बरोबर तीनशे वर्षांनी, ७ फेब्रुवारी १८९८ रोजी, कोकणात आणखी एका आईचा जन्म झाला. तिची जयंतीही आपल्याकडच्या वस्त्यांतून साजरी होते आणि तिच्या नावाच्या आवास योजनेतून बांधलेली घरकुले गावोगाव उभी आहेत. ती म्हणजे रमाबाई आंबेडकर, लोकांची रमाई. बाबासाहेबांचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांनी वाचले आहे, निदान ऐकले आहे. रमाईंविषयी मात्र, त्या फार सोशिक होत्या, यापलीकडे फारसे कुणाला सांगता येत नाही. म्हणून या रविवारी त्यांच्याविषयी थोडे लिहावे असे आम्हाला वाटले. विशेषतः आजारी लेकराला खांद्यावर टाकून दवाखान्याच्या ओळीत उभ्या राहणाऱ्या आणि तिथून घरी येऊन पुन्हा चुलीपुढे बसणाऱ्या आपल्या मातांसाठी.

रमाईंचे माहेर दापोलीजवळचे वणंद. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. गरिबीचे वर्णन करण्यात आम्ही जागा घालवत नाही, वाचणाऱ्याला ते कळते. आई लवकर गेली, मग वडीलही गेले. आईवडिलांविना राहिलेल्या या भावंडांना नातेवाइकांनी मुंबईला भायखळ्याला आणले. पाठचा भाऊ शंकर तेव्हा अगदी लहान होता. म्हणजे स्वतःचे मूल होण्याच्या कितीतरी आधी, खेळण्याच्या वयातच, या मुलीने लहानग्याला सांभाळण्याचे काम सुरू केले होते.

सुभेदार रामजी सकपाळ यांनी आपल्या भीमरावासाठी ही मुलगी पसंत केली. लग्न १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात झाले. दिवसाचा व्यवहार आटोपून गाळे रिकामे झाल्यावर रात्री वऱ्हाड तिथे जमले. एका कोपऱ्यात मुलाकडचे, दुसऱ्या कोपऱ्यात मुलीकडचे, आणि बसायला विक्रेत्यांचे ओटे. नवरी आठ-नऊ वर्षांची, नवरा शाळेत शिकणारा. त्या काळी असे बालविवाह सर्वच जातींत होत असत, हे इथे सांगून ठेवतो.

पुढे १९१२ च्या सुमारास हे कुटुंब परळला, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहायला आले. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली, तेव्हा दाट वस्त्या पाडून हवेशीर घरे बांधण्यासाठी १८९८ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला होता. त्याने बांधलेल्या चाळी म्हणजे एकेका खोलीचे बिऱ्हाड, सामाईक नळ, सामाईक शौचकूप. आंबेडकरांकडे पुढे दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या होत्या. एकीत भीमरावांची पुस्तके, दुसरीत सारे घर. त्या घरात सासरे, दीर, जाऊ, पुतणे आणि भीमरावांची आत्या मीराबाई अशी माणसे. रमाई वीस-बावीस वर्षे याच चाळीत राहिल्या. त्यांच्या आयुष्यातली बहुतेक बाळंतपणे, आजारपणे आणि मरणे चाळीच्या या दिवसांतली.

यशवंतचा जन्म १२ डिसेंबर १९१२ चा. बाळ दोन महिन्यांचेही झाले नव्हते, तोच २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबा वारले. घराचा आधार गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची, त्यातूनच पोटाला चिमटा घेऊन ते घरी पैसे पाठवीत. ते परत आले ते ऑगस्ट १९१७ मध्ये. त्यानंतर बडोद्याची नोकरी, तिथला अपमान, मुंबईत शिकवण्या, नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. पगार ४५० रुपये. त्या काळी ही मोठी रक्कम. घरात आता सुबत्ता येईल असे कुणालाही वाटले असते. पण अर्धवट राहिलेले लंडनचे शिक्षण पुरे करायचे होते आणि त्यासाठी पैसा साठवायचा होता. त्यामुळे प्राध्यापकाचे बिऱ्हाड चाळीतच राहिले आणि खर्चाचा हात आखडलेलाच राहिला. जुलै १९२० मध्ये भीमराव पुन्हा निघाले. मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले होते. परतले एप्रिल १९२३ मध्ये.

इथे आम्ही एक साधा हिशेब केला. यशवंतच्या पहिल्या दहा वर्षांपैकी सुमारे साडेसहा वर्षे वडील समुद्रापलीकडे होते. यात दोष कुणाचा असे आम्ही विचारीत नाही. त्या माणसाने लंडनमध्ये अर्धपोटी राहून जे मिळवले, त्याचा लाभ कोट्यवधींना झाला. पण त्या साडेसहा वर्षांत रात्री मुलाला ताप चढला तर उठायचे कुणी, हा प्रश्न तर उरतोच. उठत होती ती एक विशी-बाविशीची बाई.

लंडनहून २५ नोव्हेंबर १९२१ रोजी भीमरावांनी रमाईंना मराठीत लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. ते लहानसेच आहे, पण त्यात सारे घर दिसते. गंगाधर आजारी असल्याचे घरच्या पत्रातून कळले होते, त्याचे वाईट वाटल्याचे ते लिहितात आणि काळजी करून काही होणार नाही असा धीर देतात. रमाईंचा लिहिण्यावाचण्याचा अभ्यास चालू आहे, याचे त्यांना समाधान आहे. पैशांची काहीतरी व्यवस्था करतो म्हणतात, आणि आपलीही खाण्याची ओढाताण आहे हे लपवीत नाहीत. पैसे संपलेच तर घरातले डाग मोडून खा, आल्यावर नवे करीन, असा सल्ला आहे. यशवंत आणि पुतण्या मुकुंद यांच्या अभ्यासाची चौकशी आहे.

आम्ही हे पत्र वाचले तेव्हा भीमरावांच्या शब्दांपेक्षा त्यामागच्या, आज आपल्या हाती नसलेल्या, रमाईंच्या पत्राचाच विचार मनात राहिला. मूल आजारी आहे, पैसे नाहीत, आणि तरी आपण अक्षरे गिरवीत आहोत, या तिन्ही गोष्टी तिने एकाच पत्रात कळवल्या असणार. मुंबईचे पत्र लंडनला पोहोचायला दोन-तीन आठवडे लागत. उत्तराला तितकेच. आजाराची बातमी देऊन धीराचे चार शब्द परत येईपर्यंत महिना-दीड महिना उलटायचा. तान्ह्या मुलाचा आजार इतके दिवस थांबत नाही. म्हणजे पत्रातला धीर नेहमीच उशिरा यायचा आणि जे काही ठरवायचे ते आईलाच त्या रात्री ठरवावे लागायचे.

ठरवण्यासारखे तरी हातात काय होते? न्यूमोनियावर, विषमज्वरावर आज जी औषधे आपण मेडिकलमधून आणतो, त्यांतले एकही तेव्हा नव्हते. पेनिसिलीनचा शोध १९२८ चा, आणि ते रुग्णांपर्यंत पोहोचले १९४० नंतर. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाने मुंबईत हजारो बळी घेतले. १९२१ च्या पालिकेच्या नोंदी काढल्या तर मुंबईत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे सहाशेहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावलेली दिसतात. बरेच जन्म गावाकडे होत किंवा नोंदलेच जात नसत, म्हणून हा आकडा फुगलेला आहे हे खरे. तो निम्मा धरला तरी अंगावर काटा येतो. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हे प्रमाण सर्वांत वाईट होते. तुलनेसाठी सांगतो, २०२० साली महाराष्ट्रात हे प्रमाण हजारी १६ होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना दैव आणि कारण यांतला फरक आम्हाला शिकवला गेला. घरात मूल गेले की आपण सहज म्हणतो, नशिबात नव्हते. सांत्वनासाठी तो शब्द ठीक असेल. पण ओल, धूर, एका नळावर पन्नास घागरी, दूध घ्यायला पैसे नाहीत आणि डॉक्टर आणायला त्याहून नाहीत, या सगळ्याला नशीब म्हणता येत नाही. ही कारणे आहेत, आणि कारणे माणसांना बदलता येतात. हजारी सहाशेचे सोळा झाले ते कुणाचे नशीब उघडले म्हणून नव्हे. नळ आले, लसी आल्या, दवाखाने आले, मुली शिकल्या, म्हणून झाले.

रमाई-भीमरावांना पाच मुले झाली. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. त्यांतला यशवंत तेवढा जगला. त्याचीही प्रकृती लहानपणापासून नाजूक, सांधेदुखीने तो बेजार असे. म्हणजे चार मुले मातीत गेलेल्या या आईला, उरलेल्या एकाच्याही दुखण्याची कायम धास्ती होती. एक मूल गेल्यावर दुसऱ्याच्या साध्या खोकल्यानेही आईचा जीव कसा थाऱ्यावर राहत नाही, हे ज्या माउलींनी भोगले आहे त्यांना आम्ही काय सांगावे.

आणि या सगळ्यात रोजचे घर थांबत नव्हते. पाणी भरायचे, दळण, सरपण, धुणी, सणवार, आलागेला. जाऊ लक्ष्मीबाईंची साथ होती, दोघींनी मिळून बिऱ्हाड चालवले. रमाई शेण गोळा करून गोवऱ्या थापीत आणि त्यावर चार पैसे मिळवीत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. भीमराव बॅरिस्टर होऊन आले, तरी वकिली एकदम चालली नाही. अस्पृश्य वकिलाकडे पक्षकार येईनात. बॅरिस्टरच्या बायकोचे घर मात्र पूर्वीसारखेच काटकसरीवर चालत राहिले.

शेवटचा मुलगा राजरत्न. दोघांचाही फार लाडका. जुलै १९२६ मध्ये तो गेला. त्यानंतर महिनाभराने, १६ ऑगस्ट १९२६ रोजी, भीमरावांनी कोल्हापूरचे आपले स्नेही दत्तोबा पवार यांना इंग्रजीत पत्र लिहिले. एरवी कायद्याच्या काटेकोर भाषेत लिहिणारा हा माणूस या पत्रात पार मोडून गेलेला दिसतो. आम्ही पतिपत्नी या धक्क्यातून सावरलो असा आव आणण्यात अर्थ नाही, आणि कधी सावरू असे वाटतही नाही, असे ते लिहितात. तीन मुलगे आणि एक मुलगी अशी चार देखणी, चपळ लेकरे आपण पुरली, हा हिशेब ते मांडतात. आणि मग, बंधू-भगिनींनो, दुःख सांगायला त्यांना जो शब्द सापडतो तो बायबलमधला आहे. मुले गेली आणि आयुष्यातले मीठ गेले, असे सांगून ते प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनातल्या मिठाच्या वचनाकडे वळतात, जे मत्तयच्या पाचव्या अध्यायात आपण वाचतो.

आम्ही त्या वचनावर अनेकदा प्रवचन केले आहे. ख्रिस्ती माणसाने जगात मीठ व्हावे, असा अर्थ आपण नेहमी सांगतो, आणि तो योग्यच आहे. पण लेकरू गमावलेल्या बापाने ते वचन उलट्या बाजूने वाचले. मीठ गेल्यावर जेवणाला चव कशाने आणायची, या प्रश्नावर तो थांबला. लहान मुलाच्या दफनविधीला उभे राहताना आम्हा धर्मगुरूंना नेहमी शब्द कमी पडतात. पुनरुत्थानाची आशा आपण सांगतो, सांगायलाच हवी. तरी त्या वेळी आईचा चेहरा पाहिला की वाटते, आधी तिच्यासोबत अळणी घास गिळायला बसावे, आशेचे शब्द थोडे थांबून बोलावेत.

हे पत्र भीमरावांचे आहे. रमाईंनी हे दुःख कुठे लिहून ठेवलेले नाही. त्यांच्याविषयी आपल्याला जे कळते ते दुसऱ्यांच्या आठवणींतून. त्या देवभोळ्या होत्या, उपासतापास करीत, शनिवारचा उपवास उडदावर काढीत, नवऱ्याच्या जिवासाठी प्रार्थना करीत. पंढरपूरला जाऊन विठोबाचे दर्शन घ्यावे ही त्यांची मोठी इच्छा होती. भीमरावांनी ती पुरवली नाही. अस्पृश्याला मंदिरात प्रवेश नव्हता, दुरूनच हात जोडून परतावे लागले असते. ज्या पंढरपुरात आपल्याला दाराबाहेर उभे राहावे लागते तिथे जायचे नाही, आपण दुसरे पंढरपूर निर्माण करू, अशा अर्थाची समजूत त्यांनी घातली. त्यांचे म्हणणे न्यायाचे होते. तरीही चार लेकरे गमावलेल्या बाईला देवापुढे एकदा उभे राहायचे होते आणि समाजाने तिची वाट अडवली होती. देवाच्या दारातून कुणालाही परत पाठवणे हे किती मोठे पाप आहे, हे आपण ख्रिस्ती मंडळींनीही विचारात घ्यावे. आपल्याही देशात एकेकाळी काही चर्चमध्ये जातीनुसार वेगळ्या जागा होत्या, हे विसरून चालणार नाही.

राजरत्न गेल्यावर आठ महिन्यांनी, मार्च १९२७ मध्ये, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. १९३० ते १९३२ या काळात तीन गोलमेज परिषदांसाठी बाबासाहेब लंडनला गेले. सभा, खटले, वर्तमानपत्र, धमक्यांची पत्रे. घरी रमाईंची प्रकृती ढासळत चालली होती. याच वर्षांतली एक आठवण चरित्रकार सांगतात. हवापालटासाठी रमाई धारवाडला बळवंतराव वराळे यांच्या वसतिगृहात राहायला गेल्या होत्या. तिथली मुले एरवी अंगणात खेळत, पण दोन-तीन दिवस ती दिसेनात. चौकशी केली तेव्हा कळले की अनुदान आलेले नाही, धान्य संपले आहे, मुले उपाशी आहेत. रमाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या आणि मुलांना जेवू घालायला सांगितले.

ही गोष्ट जयंतीच्या भाषणांत नेहमी सांगितली जाते आणि ती ऐकून आपण त्यागमूर्ती हा शब्द वापरतो. आम्हाला त्या शब्दाची थोडी भीती वाटते. मूर्ती केली की माणूस थकत नाही, त्याला भूक लागत नाही, त्याला विचारावेही लागत नाही. धारवाडला रमाईंनी केले ते फार सरळ होते. अंगणात मुले दिसत नाहीत, हे तिच्या ध्यानात आले आणि तिने चौकशी केली. घराच्या गडबडीत कुठले मूल आज गप्प आहे, कुठल्याने ताटात टाकले, हे ओळखण्याची तिची नजर वीस वर्षांत तयार झाली होती. ही नजर आपल्या घरांतल्या आयांजवळ आहे. आपल्या पॅरिशमध्ये मदर्स डेला आपण त्यांना फुले देतो, टाळ्या वाजवतो. मग दुसऱ्या दिवशी तापलेल्या मुलाला बुलढाण्याच्या दवाखान्यात न्यायला तीच एकटी एसटीत बसते आणि घरी आल्यावर स्वयंपाक का झाला नाही हेही तिलाच विचारले जाते. पुरुष मंडळींनी राग मानू नये, पण हे आम्ही इथे लिहिणारच होतो.

बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. हजारो ग्रंथांसाठी जागा असलेले ते घर. चाळीतून रमाई तिथे आल्या खऱ्या, पण प्रकृती साथ देईना. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले. वय अवघे ३७. यशवंत तेव्हा २२ वर्षांचा होता. बाबासाहेब कित्येक दिवस खोलीबाहेर येत नव्हते, लहान मुलासारखे रडत होते, असे त्यांचे सहकारी सांगत. पाच महिनेही झाले नाहीत तोच, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याला त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. पंढरपूरची ती जुनी इच्छा आणि ही घोषणा यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तो मोह आम्ही आवरतो. त्या घोषणेमागे वीस वर्षांचा विचार होता.

१९४० च्या अखेरीस बाबासाहेबांचा पाकिस्तानच्या प्रश्नावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी रमूच्या स्मृतीस अर्पण केला. तिचे मन, तिचे शील, आणि मित्र नसलेल्या, काळजीच्या दिवसांत तिने शांतपणे सोसलेले कष्ट यांची त्यांनी त्यात नोंद केली. फाळणीवरच्या कोरड्या राजकीय ग्रंथाच्या पहिल्याच पानावर चाळीतले ते दिवस येतात, याचे आम्हाला वाचताना नवल वाटले होते.

ज्या एका मुलाला रमाईंनी वाचवले, तो नाजूक प्रकृतीचा यशवंत पुढे छापखाना चालवू लागला. बाबासाहेबांच्या पश्चात त्याने भारतीय बौद्ध महासभेचे अध्यक्षपद सांभाळले, विधान परिषदेत गेला, आणि १७ सप्टेंबर १९७७ पर्यंत जगला. लोक त्याला भैयासाहेब म्हणत. १९५३ मध्ये त्याचे लग्न मीराताईंशी झाले. त्यांना चार मुले झाली आणि चारही मोठी झाली. तीन मुलगे, प्रकाश, भीमराव आणि आनंदराज. मुलगी एकच, तिचे नाव रमा.